पुढचं लिहून देणारे लघाटे सर

लघाटे सरांच्या दारातून कोणी "चला, उद्या भेटू" म्हणत निघालं, की ते त्याला उंबऱ्यातून परत बोलवायचे. "किती वाजता?" माणूस गडबडायचा, काहीतरी पुटपुटायचा. मग सर समाधानानं म्हणायचे, "मग भेटायचा विचार आहे असं म्हणा न. भेटू काहून म्हणता?" घमापुरातल्या त्यांच्या गल्लीला हे पाठ झालं होतं. दूधवाला मोटारसायकल बंद न करताच ओरडायचा, "सरजी, कल आने का विचार है." आतून सरांचा आवाज यायचा, "ठीक है." आणि सुमनकाकू, म्हणजे सरांच्या बायको, दुधाचं पातेलं घेऊन आत येताना माझ्याकडे बघून म्हणायच्या, "आमच्या लग्नात अंतरपाट धरला होता न, तेव्हा मला हीच धास्ती. म्हटलं, आता हे भटजींना म्हणतात, करायचा विचार आहे."

सर हसायचे नाहीत. त्यांना ती थट्टा वाटतच नसे.

एका खाजगी शाळेत ते आयुष्यभर इंग्रजी शिकवत होते. पेन्शन नसलेली नोकरी. निवृत्त झाल्यावर घराच्या पुढच्या खोलीत दोन बाक, एक फळा आणि तीन टाइपरायटर मांडून त्यांनी इंग्रजी लेखनाचा वर्ग काढला. तिन्हींतला एकच टाइपरायटर चालायचा. दुसऱ्या दोन्हींचे सुटे भाग त्याला बसवलेले होते. मी मदन महलला राहते, पण कॉलेज संपल्यावर वर्षभर त्या वर्गाला जात होते, आणि नंतरही जाणं सुटलं नाही. कधी मुलांचे कागद तपासायला, कधी नुसती काकूंच्या हातचा चहा प्यायला.

फळ्यावर कायम तीन रकाने आखलेले असत. इच्छा, बेत आणि वचन. पुढे जे काही करायचं आहे ते इंग्रजीत लिहायच्या आधी कुठल्या रकान्यात बसतं ते पोरांनी उभं राहून सांगायचं. मग त्या त्या रकान्यातलं इंग्रजी सर देत. आय होप, आय इंटेंड, आय अंडरटेक. आमच्यापैकी प्रत्येक जण पहिल्या दिवशी सगळीकडे 'विल' घालून मोकळा व्हायचा, आणि सर वैतागायचे. "विल म्हणजे काय पोह्यावरची शेव आहे? दिसलं तिथं भुरभुरवलं?"

मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले ती नेपियर टाउनकडच्या एका शाळेचा नोकरीचा अर्ज घेऊन. अर्जात मी लिहिलं होतं की मी माझं पूर्ण आयुष्य या संस्थेला वाहीन. चांगलं ठसठशीत इंग्रजी होतं, कुठूनतरी उतरवलेलं.

सरांनी चष्मा वर केला. "पूर्ण आयुष्य?"

"हो सर. असंच लिहितात."

"तुझ्या आईनं परवा आमच्या हिला सांगितलं, स्थळं पाहून राहिले म्हणून. मुलगा रायपूरचा निघाला तर?"

बाकावर बसलेली चार पोरं खुदखुदली. मला इतका राग आला की कागद ओढून घेऊन निघून जावं वाटलं. सरांनी तो कागद उलटा केला आणि मागे दोन ओळी लिहिल्या: मला दिलेले तास वेळेवर घेण्याचा आणि वह्या त्याच आठवड्यात तपासून देण्याचा माझा मानस आहे. "एवढं करशील?"

"करीन."

"मग हेच लिही."

नोकरी मिळाली. इतकी वर्षं झाली, दर शनिवारी मी वह्यांचा गठ्ठा संपवते आणि दर शनिवारी लघाटे सरांना मनातल्या मनात चार शब्द सुनावते.

पण वर्गापेक्षा त्यांचं नाव झालं होतं ते दुसऱ्याच कामामुळे. आमच्याकडे घराआड एक माणूस सरकारी फॅक्टरीत असतो. नोकरीत असताना तो गेला, तर त्याच्या घरातल्या एकाला अनुकंपा नियुक्ती मिळू शकते. 'शकते' म्हणजे मिळतेच असं नाही; जागा थोड्या आणि दुःखी घरं पुष्कळ. त्या अर्जाबरोबर इंग्रजीत एक हमीपत्र द्यावं लागतं: मृताच्या आधारानं जगणाऱ्या बाकीच्या माणसांना मी नीट सांभाळीन, आणि सांभाळलं नाही असं सिद्ध झालं तर माझी नोकरी काढून घ्यावी. मजकूर ठरलेला आहे. बाजारातले टायपिंगवाले पाच मिनिटांत ते काढून हातात ठेवतात.

सरांकडे अर्धा दिवस जायचा. त्यांची एक पद्धत होती आणि ती त्यांनी कुणासाठी मोडली नाही. ज्याला नोकरी हवी त्यानं घरच्या सगळ्या माणसांना घेऊन यायचं. ते वाक्य आधी आपल्या घरच्या भाषेत, मोठ्यानं, त्यांच्यासमोर बोलायचं. मग सर तीन प्रश्न विचारणार. कोणाला? केव्हापासून? कुठपर्यंत? उत्तरं झाली की यंत्रावर बोटं पडणार. हमीपत्र त्यांच्याकडून केलं की घरात भांडणं होत नाहीत असा त्यांचा लौकिक होता. खरं तर व्हायची ती भांडणं तिथेच, पुढच्या खोलीत, होऊन जात.

एकदा एक तिशीचा माणूस म्हाताऱ्या आईला घेऊन आला होता. वडील गेलेले. पहिले दोन प्रश्न झाले. तिसऱ्याला तो अडकला. तोंड उघडायचा, मिटायचा. नवीन लग्न झालेलं होतं, बायको सोबत आलेली नव्हती. सर बोटं मांडीवर ठेवून थांबले. दहा मिनिटं झाली असतील. शेवटी त्या म्हातारीनंच पदर सावरला आणि म्हणाली, "लिख दो न, बाबूजी. नहीं रखेगा तो नहीं रखेगा. नौकरी तो लगे."

सरांनी टाइप करून दिलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. काकूंनी दोनदा ताट वाढलं आणि दोनदा झाकून ठेवलं. त्या आईचं पुढे काय झालं मला ठाऊक नाही, सरांनाही कधी कळलं नाही. ते एवढंच म्हणाले, "तिला सगळं माहीत होतं, मेघा. आणि मी टाइप केलं."

मला तेव्हा हे अतीच वाटलं होतं. अजूनही वाटतं. सांगून टाकते, या माणसावर माझा जितका जीव आहे तितकाच रागही आहे, आणि लिहिताना दोन्ही वेगळे काढणं मला जमणार नाही.

सरांचा मुलगा मिलिंद फॅक्टरीत फिटर होता. उंच, गप्प, बापासारखाच चष्म्यातून वर बघणारा. घर त्याच्यावर चालायचं, कारण वर्गातली पोरं हळूहळू कमी होत होती. अर्ज आता फोन लिहून देतो. तीन रकान्यांचा फळा कोणाला हवा? एका मंगळवारी सकाळी कामावर जायला बूट घालायला म्हणून मिलिंद खुर्चीवर बसला आणि उठलाच नाही. वय छत्तीस. मागे बायको प्राची, चार वर्षांची मिहू, आणि हे दोघं म्हातारे.

तेराव्यानंतर तिसऱ्या दिवशी मी प्राचीच्या प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स काढून घेऊन गेले. अनुकंपेचा अर्ज तिच्या नावानं करायचा हे ठरलं होतं. ती बी.कॉम. होती, छिंदवाड्याची, वय एकोणतीस. घरात दुसरं कोणी कमावणारं नव्हतं आणि दुसरा कुठलाही रस्ता नव्हता. ही नोकरी मिळाली तर चार माणसं तरतील, नाही तर काय, याचा विचार आमच्यापैकी कोणी मोठ्यानं करत नव्हतं.

प्राची पोरांच्या बाकावर बसली होती. काकू पलंगाच्या कडेला. मिहू फळ्याच्या खालच्या भागात खडूनं मांजर काढत होती. सर यंत्रासमोर. त्यांनी कागद चढवला आणि मला कळलं की हे आता तिलाही विचारणार.

"बोल," सर म्हणाले.

"नाना, मी सगळ्यांना नीट सांभाळीन."

"कोणाला?"

"तुम्हाला, आईंना, मिहूला."

"केव्हापासून?"

"नोकरी लागली की."

"कुठपर्यंत?"

प्राचीनं मान खाली घातली. काकू उसळल्या. "असं काय विचारून राहिले तुम्ही? पोरीचं कुंकू जाऊन महिना नाही झाला."

"तिलाच विचारलं," सर म्हणाले.

प्राचीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग खूप हळू बोलली, "तुम्ही म्हणाल तिथपर्यंत, नाना."

सरांनी यंत्रावरचे हात काढून घेतले. "हेच नको."

मी मध्ये पडले. म्हटलं, "सर, ठरलेला मजकूर आहे. सगळे भरतात. या वेळेला तरी तुमचं राहू द्या."

"सगळ्यांना विचारलं न मी? मग घरच्या पोरीला काहून नाही विचारायचं?" त्यांचा आवाज चढला, जो कधी चढत नसे. "एकोणतीस वर्षांची आहे ती. उद्या तिला वाटलं, दुसरं घर करावं, माहेरी जावं, तर? आम्ही दोघं हिच्या गळ्यात. आणि ते मीच टाइप करून दिलेलं."

प्राची उठून आत गेली. तासाभरानं चेहरा धुऊन बाहेर आली आणि म्हणाली, "नाना, टाइप करा. मला नोकरी पाहिजे." सरांनी टाइप केलं, अक्षर इकडचं तिकडे न करता. तिनं सही केली. दुसऱ्या दिवशी अर्ज फॅक्टरीत गेला. मला वाटलं, संपलं.

आठ-दहा दिवसांनी सरांनी मला एक बंद पाकीट दिलं. वर फॅक्टरीचा पत्ता. "शाळेत जाताना एवढी रजिस्ट्री करून टाकशील? एक कागद राहिला होता." मी विचारलं नाही. त्यांच्या हातचं पाकीट, त्यात विचारायचं काय? नेपियर टाउनच्या पोस्टात रांगेत उभी राहून मी ते पाठवलं आणि पावती संध्याकाळी त्यांना नेऊन दिली. त्यांनी ती घडी करून खिशात ठेवली आणि मिहूसाठी आणलेल्या पेरूच्या फोडी माझ्यापुढे सरकवल्या.

पाच-सहा दिवस गेले. मधल्या सुट्टीत शिपाई सांगत आला, कोणी भेटायला आलं आहे. फाटकाशी प्राची उभी होती, हातात फोन. रडत नव्हती. "मेघाताई, रजिस्ट्री तुम्ही केली?"

"हो. का गं?"

"वाचली नव्हती?"

"नाही."

तिनं मान हलवली आणि सांगितलं. फॅक्टरीच्या ऑफिसात दुबे म्हणून एक बाबू होता, सरांचाच जुना विद्यार्थी. त्यानं फोन करून पत्र वाचून दाखवलं होतं. "भाभीजी, सरजी ने ये क्या भेज दिया? इसमें तो लिखा है कि माँ-बाप आप पर निर्भर नहीं रहेंगे. केस हल्का हो गया आपका." तिथे सगळी घरं तोलली जातात. मागे किती माणसं राहिली, त्यांना कशाचा आधार आहे, यावर ठरतं. सरांनी त्यातून दोन माणसं स्वतःच्या हातानं उतरवून ठेवली होती.

पत्राची प्रत मी नंतर पाहिली. कुठे खाडाखोड नाही, कुठे एक शब्द जास्त नाही. आपली सून तरुण आहे; तिच्या पुढच्या आयुष्यावर भार होण्याचा आपला व आपल्या पत्नीचा बेत नाही; वर्गाच्या उत्पन्नावर स्वतःचा निर्वाह करण्याचा आपला मानस आहे; तेव्हा हमीपत्र आम्हां दोघांपुरतं तिला बंधनकारक मानू नये. वर्गात त्या महिन्यात चार पोरं होती. त्यातली दोन परीक्षा झाली की जाणार होती. दुनियेला 'कुठपर्यंत' विचारणाऱ्या माणसानं स्वतःला ते विचारलं नव्हतं. या एका गोष्टीसाठी मी त्यांना आजही माफ करू शकत नाही.

मी शाळेतून अर्धी रजा टाकली आणि प्राचीला स्कूटीवर मागे बसवून घमापुरला गेले. घरी पोचल्यावर तिनं काकूंना सगळं सांगितलं, सरांसमोर, शांतपणे, जसं डॉक्टरला दुखणं सांगतात तसं.

मला वाटलं काकू रडतील. त्या सरांच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या. "माझ्या वतीनं काहून लिहिलं तुम्ही?"

सरांनी चष्मा काढला.

"आपला व आपल्या पत्नीचा. पत्नीला विचारलं? गावाला बसवून विचारता न, कोणाला, कुठपर्यंत? मला कोणी विचारलं? मला राहायचं आहे तिच्याजवळ. मिहूजवळ राहायचं आहे. ठेवलं तर मरेपर्यंत राहायचं आहे, आणि मला त्याची लाज नाही वाटत."

सरांनी भिंतीला हात लावला. "सुमन, माझं चुकलं," ते म्हणाले. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली होती. काकूंनी मला नंतर सांगितलं, हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना घेऊन फॅक्टरीच्या फाटकाशी गेले. आत जायचा पास नव्हता. दुबे बाहेरच्या खिडकीशी आले, पाया पडले. सरांनी त्यांना उठवलं नाही, आशीर्वाद दिला नाही. दोन्ही हात जोडले. आपल्याच विद्यार्थ्यापुढे.

"दुबे, वो कागज वापस दे दो."

"सरजी, फाइल में चढ़ गया. नंबर पड़ गया उसपे."

"फाड़ दो."

"सरजी," दुबे इकडेतिकडे बघत म्हणाले, "आप ही ऐसा बोल रहे हो?"

"हाँ. मैं ही बोल रहा हूँ. फाड़ दो बेटा. उसकी छोटी सी बच्ची है."

दुबेंच्या डोळ्यांत पाणी आलं. भला माणूस होता, पण फाइलीतला कागद काढणं त्याच्या हातात नव्हतं. त्यानं एक उपाय सांगितला. दुसरं पत्र लिहा. पहिलं पुत्रशोकात लिहिलं गेलं म्हणा. आम्ही दोघं पूर्णपणे सुनेवरच अवलंबून आहोत आणि तिच्याजवळच राहण्याचा आमचा इरादा आहे, असं स्पष्ट लिहा. "मीटिंग परसों है. अभी दे दो, मैं लगा देता हूँ."

फाटकासमोर कुठे टेबल नव्हतं. माझ्या स्कूटीच्या सीटवर वही ठेवून सर लिहायला लागले. ऊन तापायला लागलं होतं. शिफ्टला जाणारी माणसं बाजूनं जात होती, एक-दोघांनी "नमस्ते सरजी" म्हटलं. सरांनी वर पाहिलं नाही. पहिली ओळ लिहिली, खोडली. पुन्हा लिहिली, पुन्हा खोडली. इतक्या वर्षांत त्यांच्या कागदावर मी खोडलेला शब्द पाहिला नव्हता. तिसरा कागद घेतला. इरादा लिहायच्या जागी येऊन थांबले.

"मेघा, हे खरं आहे?"

"सर, लिहा."

"मी विचारून राहिलो तुला. आम्हाला तिच्यावरच जगायचं आहे. आमचा हाच बेत आहे. हे खरं आहे का?"

मला त्यांच्याकडे बघवेना. आणि त्याच वेळी माझं डोकं फिरलं होतं. मी जवळजवळ ओरडलेच, "खरं आहे. दुसरं काय आहे तुमच्याकडे? लिहा आता."

त्यांनी लिहिलं. आम्ही दोघं जिवंत असेपर्यंत तिच्याजवळ राहण्याचा आणि पूर्णपणे तिच्या आधारावर जगण्याचा आमचा इरादा आहे. खाली सही. कागद दुबेंच्या हातात देताना त्यांची बोटं सुटेनात, दुबेंना तो हळूच ओढून घ्यावा लागला. परतताना सर स्कूटीवर मागे बसले होते. पूर्ण रस्ताभर त्यांचं कपाळ माझ्या पाठीला टेकलेलं होतं.

यादी यायला दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत सर रोज सकाळी कामावर जाणाऱ्या माणसांना गाठायचे आणि काही कळलं का विचारायचे. काकू सोमवार धरायला लागल्या. प्राची कपड्यांना इस्त्री करून ठेवायची, एक निळा कुर्ता, बोलावणं आलं तर घालायला. मिहूला सांगितलेलं होतं की आई फॅक्टरीत जाणार, ती गल्लीभर सांगत फिरायची.

यादीत प्राचीचं नाव नव्हतं.

दुबे स्वतः घरी आले, मिठाई न आणता, हात हलवत. आत काय झालं ते त्यांनाही नक्की ठाऊक नव्हतं. दोन्ही पत्रं वाचली गेली, एवढं कळलं. कोणीतरी म्हणालं, हा म्हातारा एका आठवड्यात एक सांगतो आणि दुसऱ्या आठवड्यात दुसरं, यातलं धरायचं कुठलं? आणि दुसरी घरं जास्त अडचणीतली होती. जाताना ते दाराशी म्हणाले, "शायद वैसे भी नहीं होता, सरजी."

त्या 'शायद'नं सरांना खाल्लं. तसंही झालं नसतं, की माझ्यामुळे झालं नाही? ते मला विचारायचे, काकूंना विचारायचे, गल्लीतल्या कुणालाही विचारायचे. उत्तर कोणाजवळ असणार? पुढच्या खेपेला अर्ज पुन्हा विचारात आला आणि पुन्हा राहिला. नंतर आम्ही विचारणं सोडलं.

प्राचीनं नेपियर टाउनमध्ये एका डोळ्यांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर काम धरलं. सकाळी दहा ते संध्याकाळी सात. तिची आई छिंदवाड्याहून न्यायला आली होती, आठ दिवस राहिली, रोज समजावलं, आणि एकटीच परत गेली. मी तिथेच होते. प्राची फक्त एवढं म्हणाली, "आई, यांचं इथे कोण आहे?" हमीपत्र केव्हाच निकामी झालं होतं. तिला आता कोणीही जाब विचारणार नव्हतं. ती घर चालवत होती, सरांच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणत होती, काकूंचे गुडघे दाखवायला नेत होती.

सरांनी वर्गाची पाटी काढली. एकदा नेपियर टाउनच्या सगळ्या कोचिंगवाल्यांकडे जाऊन आले, शिकवायला ठेवता का म्हणून. सत्तरी उलटलेल्या माणसाला त्यांनी पाणी पाजलं आणि नंबर लिहून घेतला. मग ते माझ्याकडे यायला लागले. बसायचे, चहा गार व्हायचा.

"ती मला काही म्हणत नाही, मेघा. चहा देते. गोळ्या देते. मफलर घ्या म्हणते. एकदा तरी म्हणू दे न, नाना, तुम्ही माझा सत्यानाश केला."

मी हे प्राचीला सांगितलं. ती ओट्यावरचं पाणी पुसत राहिली. "काय म्हणू, मेघाताई? केलं माझ्याचसाठी. तोंड उघडलं तर काय निघेल मलाच माहीत नाही. म्हणून नाही उघडत."

मागच्या महिन्यात मी नेपियर टाउनला पुस्तकं घ्यायला गेले होते. दिवे लागले होते. दवाखान्यासमोर, रस्त्याच्या या बाजूला, एका बंद दुकानाच्या पायरीवर सर बसलेले दिसले. खूप वाळले होते. कोटाच्या बाह्या बोटांवर आल्या होत्या. मी स्कूटी थांबवली.

"इथे काय करून राहिले, सर?"

"तिला सुटी सातला," ते म्हणाले. "पिशवी असते तिच्याजवळ."

ते रोज येत असत, हे मला तेव्हा कळलं. घमापुरहून दोन मैल चालत, पिशवी धरायला. मी थांबू का म्हटलं तर नको म्हणाले. मी थोडं पुढे जाऊन उभी राहिले.

प्राची बाहेर आली. त्यांना पाहून थबकली. "नाना, आज पण आले? पाय सुजतील तुमचे." सरांनी हात पुढे केला. तिनं पिशवी मागे घेतली, मग त्यांच्याकडे बघितलं आणि दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी छातीशी धरली. ती रस्त्याच्या कडेला गेली आणि ऑटो थांबवला.

"भैया, घमापुर. दो सवारी."

सर तिच्या मागे उभे होते. "प्राची," ते म्हणाले, "तू आईकडे जा. अजून वय आहे तुझं. आमचं आम्ही पाहू."

"बसा, नाना."

"मी मनापासून म्हणून राहिलो."

"माहीत आहे. बसा. मिहू वाट पाहते."

सर आत चढले. मागची सीट तिघांची असते. ते पार टोकाला बसले, अंग दांडीला दाबून, गुडघे जुळवून, पिशवी मांडीवर. उरलेली सगळी सीट तिच्यासाठी मोकळी. प्राची बसली. तिनं मधल्या जागेवर दोनदा हात थापटला. "नाना, आत सरका. पडाल."

ऑटो निघाला. ते सरकले नाहीत.